खाली दुकान, वर पिंपळ: पणजीच्या जुन्या बाजारपेठेचा हिशेब

पणजीत चर्चच्या पायऱ्यांसमोरून बाजाराच्या दिशेने चालायला लागा आणि दुकानांत न डोकावता दुकानांच्या वर बघा. खाली काजू, फेणीच्या बाटल्या, चपला, औषधं, मोबाइलची कव्हरं. गिऱ्हाइकांची ये-जा चालू असते. त्याच इमारतीच्या माडीवर लाकडी झडपा कायमच्या बंद, सज्जाचा कठडा तारेने आवळलेला, कौलांवर निळ्या ताडपत्रीचं ठिगळ आणि पन्हळीच्या कोपऱ्यातून डोकावणारा पिंपळ. त्याचं खोड मनगटाएवढं झालेलं असेल, तर बरेच पावसाळे तिकडे कोणी फिरकलेलं नाही असं समजावं.

खाली धंदा चालू आणि वर ही दशा, हे एकाच इमारतीत कसं? ‘मालक चिकट आहे’ किंवा ‘सरकारला वारशाची कदर नाही’ ही दोन उत्तरं तोंडावर तयार असतात. दोन्हींत थोडंफार तथ्य आहे, पण त्यांनी कोडं सुटत नाही. खालच्या गल्ल्यात पडणारा पैसा वरच्या कौलांपर्यंत पोचत नाही, हे खरं दुखणं. तो वाटेत कुठे अडतो ते बघायचं तर आधी हा बाजार इथे का बसला हे बघावं लागतं.

आधी सरकार आलं, मागून दुकानं

मांडवीच्या दक्षिण काठावरची पणजी मुळात सखल आणि दलदलीची. मागे आल्तिनोची टेकडी, पूर्वेला ओरेंची खाडी आणि नदीकाठी आदिलशाहाचा वाडा. पोर्तुगिजांची राजधानी नदीच्या वरच्या अंगाला जुन्या गोव्यात होती. तिथे साथींनी माणसं टिकेनात, तेव्हा १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम या वाड्यात हलवला. रस्ता आधीपासून होता: १६३०च्या दशकात पणजी ते जुन्या गोव्याच्या वाटेवरचं रायबंदर असा तीनेक किलोमीटरचा दगडी बांध खाजणातून, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीतून, घातलेला होता. आजही त्यावरून बसगाड्या धावतात.

शहराला आकार आला तो दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत, १८२७ ते १८३५ या काळात. दलदल बुजवली गेली, वाळूचे उंचवटे सपाट झाले, काटकोनात रस्ते आखले गेले आणि सैन्यासाठी मोठं बराकींचं संकुल उभं राहिलं. त्याच संकुलात आज पोलीस मुख्यालय, जिल्हाधिकारी कचेरी आणि मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. १८४३ साली पणजी ‘नोव्हा गोवा’ या नावाने अधिकृत राजधानी झाली.

हा क्रम ध्यानात ठेवायला हवा. म्हापसा किंवा मडगावसारखी पणजी बाजाराच्या जोरावर वाढलेली नाही. इथे आधी कारकून, शिपाई, वकील आणि पाद्री आले. त्यांना कापड, कागद, पाव, वाइन, औषध लागायला लागलं, तेव्हा दुकानं आली. सरकारी पगार आणि नदीचा धक्का हे या बाजाराचे दोन पाय.

नदीच्या धक्क्यावर काय उतरायचं, याची खूण आजही सापडते. सांव तोमेतली मुख्य टपाल कचेरी ज्या इमारतीत आहे, तिथे एकेकाळी तंबाखूचा व्यवहार चाले. तंबाखू ही सरकारी मक्तेदारी होती आणि माल ब्राझीलमधल्या बाहियाहून येई. जुन्या सचिवालयाजवळ, म्हणजे आदिलशाहाच्या त्याच वाड्याजवळ, म्हामाय कामतांचं घर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हे घराणं दलाली आणि परदेशी व्यापारात होतं. पोर्तुगीज, फ्रेंच आणि मोडी मराठीतली त्यांची कागदपत्रं पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. घर आणि पेढी एकाच छपराखाली, ही त्या काळची रीत.

पुढे १९५०च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पणजीच्या दुकानांत हॉलंडचे बटाटे विकले जायचे, हे सांगणारी माणसं अजून भेटतात. खनिजाचा पैसा नुकताच खुळखुळायला लागला होता. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तो विलायती माल बंद झाला, पण कदंब पठारापासून वाळपईपर्यंतच्या लोकांना सरकारी काम पडलं की पणजीला येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बार्देशातून आणि सिंधुदुर्गातून येणाऱ्याला तर बेतीला उतरून फेरीबोटीने मांडवी ओलांडावी लागे. फेरीतून उतरलं की समोर बाजारच. १९७०च्या सुमारास पूल झाला, १९८६च्या जुलैत तो कोसळला आणि काही वर्षं पुन्हा फेरीच्या रांगा लागल्या. दुकानदारांना त्या रांगांचं फारसं दुःख झालं नसावं, असा माझा आपला अंदाज.

चिरा, चुना आणि पाणी

बाजारपेठेतलं जुनं घर साधारण असं: तळमजल्याला चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जाड भिंती, रस्त्याच्या बाजूला लाकडी फळ्यांची दारं, आत दुकान, त्यामागे कोठार, त्यामागे विहीर नाहीतर परसू. माडीवर मालकाचं बिऱ्हाड. तिथे सज्जा, बिडाचा कठडा, उंच खिडक्या. काचेआधीच्या काळातल्या खिडक्यांना पातळ शिंपल्यांचे चौकोन बसवलेले असत; उजेड आत येई, ऊन येत नसे. छपराला आधी अर्धगोल नळे होते. १८६५ नंतर मंगळूरला कौलांचे कारखाने निघाले आणि ती चपटी लाल कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली.

चिरा हा दगड दिसतो टणक, पण आतून सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. जुने गवंडी त्याला चुन्याचा गिलावा करत, कारण चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. पणजीत वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे चार महिने भिंत भिजणार आणि आठ महिने वाळणार, असा हा करार आहे. कुणी ‘मजबुती’साठी त्यावर सिमेंट थापलं की ओल्या अंगावर रेनकोट चढवल्यासारखं होतं. आत गेलेलं पाणी आतच राहतं, चुना पीठ होऊन गळतो, भिंतीत टेकवलेल्या वाशांची टोकं कुजतात. बाहेरून सिमेंट छान गुळगुळीत दिसत असतं आणि एक दिवस माडीची जमीन बसते.

छपराचं त्याहून सोपं आहे. एक कौल सरकलं की पाणी रीपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर पडतं. रीप कुजली की आणखी चार कौलं सरकतात. पाणी वाशावर येतं, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर येतं आणि भिंतीचा माथा भिजायला लागला की सांध्यांतली माती-चुना धुपतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी असाच सांधा शोधत असतं. झाड वरून छाटलं की दुसऱ्या पावसात दुप्पट जोमाने फुटतं. मूळ काढायचं तर वरचे थर उतरवून, सांधा साफ करून, चुन्याने पुन्हा बांधून काढावा लागतो. हे जाणणारे गवंडी कमी झालेत आणि जे आहेत त्यांची मजुरी त्या मानाने वाजवीच आहे.

थोडक्यात, असं घर एकदा दुरुस्त करून मोकळं होता येत नाही. दर मे महिन्यात कौलं परतावी लागतात, पन्हळ साफ करावी लागते, दोन-चार वर्षांनी रंग लावावा लागतो. मालक माडीवर राहायचा आणि खाली स्वतःच धंदा करायचा तोवर हे आपोआप होई. रात्री पाण्याचा थेंब त्याच्याच उशीवर पडायचा आणि सकाळी गल्ल्यातला पैसा त्याच्याच हातात असायचा.

भाडं गोठलं

मग मालकाची पुढची पिढी डॉक्टर झाली, लिस्बनला गेली, मुंबईला गेली, नाहीतर मिरामारला बंगला बांधून राहिली. दुकान भाड्याने दिलं गेलं. १९६८ साली गोव्यात इमारतींच्या भाडे आणि निष्कासन नियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईसह देशभर असे कायदे झाले होते आणि त्यामागचं कारण रास्त होतं: घरं कमी, माणसं जास्त, मालकाने मनात येईल तेव्हा बिऱ्हाड रस्त्यावर काढू नये. कायद्याने दोन गोष्टी केल्या. भाडं मनमानी वाढवता येणार नाही, आणि ठराविक कारणांखेरीज भाडेकरूला काढता येणार नाही. भाडेकरू गेला की त्याच्या घरच्यांकडे भाडेहक्क येण्याचीही सोय झाली.

परिणाम काय झाला ते एका कल्पित हिशेबाने बघू. समजा जुन्या कराराने दुकानाचं भाडं महिना ५०० रुपये आहे. वर्षाचे झाले ६०००. मेमध्ये कौलं परतायला दोन माणसं आठवडाभर लावली की ते संपले. वासा बदलायचा विषयच काढू नका. मालक म्हणतो, मी पदरमोड का करू? भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, मी खर्च का करू? त्याने करायचं ठरवलं तरी मालकाचा ना हरकत दाखला लागतो, आणि मालकाला भीती की दुरुस्ती केली म्हणजे हा इथे कायमचा बसला. दोघंही आपापल्या जागी शहाणपणाने वागतायत आणि छप्पर गळतंय.

या गोष्टीत भाडेकरूला खलनायक करणं मला पटत नाही. त्याने पन्नास वर्षं सकाळी नऊला दार उघडून गिऱ्हाईक जोडलेलं असतं. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद ठेवून जेवून-झोपून पुन्हा उघडणारी ही दुकानं म्हणजे पणजीची दिनचर्या आहे. त्याला बाजारभावाने भाडं लावा म्हणणं सोपं, पण त्या भावात तिथे तो राहणार नाही, कुठलीतरी साखळी-दुकानाची शाखा येईल. उलट काही ठिकाणी मूळ भाडेकरूने कधीच गाशा गुंडाळलाय आणि जागा तिसऱ्यालाच चढ्या दराने देऊन मधला मलिदा तो खातोय. तो पैसा दुकानातून निघतो, पण मालकाकडेही जात नाही आणि कौलांकडेही नाही.

इमारत पडायची वाट बघणारे मालकही आहेत. पडली म्हणजे भाडेकरू सुटला आणि जमीन मोकळी, असा त्यांचा होरा. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एका महाराष्ट्रातल्या प्रकरणात सांगून ठेवलंय की इमारत पाडली गेली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही. म्हणजे पडूनही भांडण शिल्लक.

मुंबईकरांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की मुंबईत जुन्या इमारतींकडून उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ तरी आहे, ते कसं चालतं हा भाग वेगळा. पणजीच्या बाजारपेठेत पावसाळ्याआधी ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस येते, आणि नोटिशीने कौल बसत नाही.

सही कोणाकोणाची?

भाड्याचा प्रश्न सुटला असं धरलं तरी पुढे दुसरा अडसर आहे आणि तो खास गोव्याचा आहे. इथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत आजवर टिकून आहे. वारशापुरतं तिच्या जागी गोव्याचा २०१२चा उत्तराधिकार कायदा २०१६ पासून आला, पण तत्त्व तेच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, निम्मी-निम्मी. मुलगा-मुलगी सारख्याच वारस. आणि मृत्युपत्राने माणूस फक्त निम्म्या हिश्शाची विल्हेवाट लावू शकतो. उरलेली निम्मी हक्काच्या वारसांसाठी राखून ठेवलेली असते.

स्त्रियांच्या दृष्टीने हा कायदा उर्वरित देशाच्या कितीतरी आधी पुढारलेला होता आणि त्याबद्दल गोवेकर अभिमानाने बोलतात ते योग्यच आहे. पण बाजारातल्या घरावर त्याचा परिणाम बघा. आजोबांना चार मुलं, चौघांची लग्नं झालेली. सामाईक मिळकतीमुळे जावई-सुनांचीही सही लागते, म्हणजे आठ. चौघांना प्रत्येकी चार मुलं धरली तर सोळा नातवंडं आणि त्यांचे जोडीदार मिळून बत्तीस. त्यांतले काही लंडनला, काही टोरोंटोला, काही वास्कोत पण एकमेकांशी बोलत नाहीत. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचं दार उघडं असल्याने परदेशी गेलेल्यांची संख्या इथे जरा जास्तच.

कायद्यात यावर उपाय आहे. त्याला इन्व्हेंटरी म्हणतात. कोर्टापुढे सगळ्या मिळकतीची यादी होते, वारस ठरतात, आणि घराचे तुकडे करणं शक्य नसेल तर वारसांमध्येच बोली लागते. जो जास्त बोलेल त्याने घर घ्यायचं आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे द्यायचे. पद्धत चांगली आहे. पण बोली लावायची तर पैसे हवेत, आणि ज्या घरात भाडेकरू गोठलेल्या भाड्यावर बसलाय ते घर चढ्या बोलीने घ्यायला कोण धजावेल? त्यामुळे यादी करायचंच राहून जातं. दरम्यान एखाद्या चुलतभावाने पदरचे पैसे घालून कौलं बदलली तर बाकीचे विचारतात, तुला कोणी सांगितलं होतं?

फोंताइन्यासचं वेगळं का?

पर्यटकांनी पाहिलेली ‘जुनी पणजी’ म्हणजे बहुधा फोंताइन्यास: पिवळी, निळी, तांबडी घरं, अरुंद गल्ल्या. तिथली घरं त्या मानाने बरी आहेत आणि त्याचं श्रेय सगळे संवर्धन-क्षेत्राच्या नियमांना देतात. नियमांनी मदत केली हे खरंच. दर्शनी भाग बदलायचा किंवा मजला चढवायचा तर खास परवानगी लागते. पण माझ्या मते महत्त्वाचं कारण दुसरं आहे. फोंताइन्यास ही राहायची वस्ती होती. पुष्कळ घरांत मालकच राहत होता. पर्यटक आले तेव्हा त्याने दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या, खाली कॅफे काढला, आणि तो पैसा सरळ रंगात आणि कौलांत गेला. पैसा कमावणारा आणि छपराखाली झोपणारा माणूस पुन्हा एक झाला.

त्याचा भुर्दंडही आहेच. लोक कुणाच्याही पायरीवर बसून फोटोसेशन करतात, लग्नाआधीच्या शूटिंगला कपडे बदलायला आडोसा मागतात; रहिवाशांनी ‘फोटो काढू नये’ असे फलक लावले ते उगाच नव्हे. बाजारपेठेच्या वाट्याला मात्र हे सुखही नाही आणि दुःखही नाही. तिथे नियम आहेत, पण नियम पाळण्याचा खर्च कोणाच्या खिशातून यायचा, याचं उत्तर नाही.

गिऱ्हाईक पुलापलीकडे

बाजाराचे जे दोन पाय म्हटले, ते दोन्ही आता लंगडतायत. २००० साली विधानसभा आणि सचिवालयाचं काम नदीपलीकडे पर्वरीला गेलं. त्याआधी वैद्यकीय महाविद्यालय कांपालवरून बांबोळीला गेलं होतं. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठही आल्तिनोवरून पर्वरीला गेलं. कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस स्टॅम्पपेपर, झेरॉक्स, जेवण आणि घरी न्यायला काहीतरी, असा चार दुकानांत पैसे टाकून जात असे. तो आता बाजारात फिरकतच नाही.

नदीवर पैसा आहे, पण तो वेगळ्या जातीचा. मांडवीत नांगरलेल्या सहा कॅसिनो जहाजांचं गिऱ्हाईक संध्याकाळी येतं, धक्क्यावरून लाँचमध्ये बसतं आणि रात्र जहाजावर काढतं. तोपर्यंत बाजाराच्या फळ्या लागलेल्या असतात. शहराच्या वाट्याला पार्किंगची मारामार तेवढी येते. महापालिका हद्दीत २०११च्या जनगणनेनुसार अवघी ४० हजारांच्या आसपास वस्ती. तेवढ्यावर एवढी बाजारपेठ पोसली जाणार नाही.

सरकारने सोडलेल्या काही इमारतींना दुसरा जन्म मिळाला. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची वास्तू २००४ पासून चित्रपट महोत्सवाच्या कामी येते, आदिलशाहाच्या वाड्यात प्रदर्शनं भरतात. पण त्या वास्तूंना मालक एकच होता, सरकार. ना भाडेकरू, ना बत्तीस सह्या. त्यांचं उदाहरण दाखवून बाजारातल्या घरमालकाला ‘बघा, जमतं’ म्हणण्यात अर्थ नाही.

मग बाजारातल्या घराचं काय करावं? दर्शनी भाग रंगवायला अनुदान द्या, अशी सूचना अधूनमधून येते. रंग फोटोत छान दिसेल. माझं लक्ष मात्र अशा घरांच्या जिन्याकडे जातं. मालक स्वतःच दुकानदार असतानाच्या काळात काही घरांचा जिना दुकानाच्या आतूनच काढलेला आहे. दुकान भाड्याने गेलं आणि माडीवर जायची वाटच भाडेकरूच्या ताब्यात गेली. वर दोन चांगल्या खोल्या, सज्जा, नदीचा वारा, आणि तिथे ऑफिस, क्लिनिक किंवा बिऱ्हाड ठेवता येत नाही, कारण चढायचं कुठून? बाजूच्या बोळातून किंवा परसातून लाकडी-लोखंडी जिना काढायला संवर्धनाच्या नियमांत सुटसुटीत परवानगी द्यावी, आणि माडीचं नवं भाडं आधी छपराच्या खर्चाला लावायचं असा मालक-भाडेकरूंत लेखी करार व्हावा. भाडेकायदा बदलायला आणि सगळ्या वारसांना एका टेबलाशी बसवायला किती वर्षं लागतील ती लागोत. जिन्याला एक सुतार, एक वेल्डर आणि पालिकेचा एक शिक्का पुरतो.